जुळी येणार, घर लहान पडणार? मोठा फ्लॅट घेण्याआधी आजीच्या घरापर्यंतचं अंतर मोजा

सोनोग्राफीत एकाऐवजी दोन ठोके दिसले की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. "या वन बीएचकेत दोन बाळं मावणार कशी?" मग प्रॉपर्टीची अ‍ॅप उघडली जातात, शनिवार-रविवार साइट व्हिजिटमध्ये जातात आणि दोन-तीन महिन्यांत आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी उरकायची धडपड सुरू होते.

त्यातच दुसरा विचार येतो. घर घ्यायचंच आहे, तर आई-बाबांच्या जवळ का नको? मदतही होईल आणि नातवंडंही डोळ्यांसमोर वाढतील.

दोन्ही गोष्टी एकाच घरात मिळाल्या तर उत्तमच. पण पुण्या-मुंबईत त्या एकाच बजेटमध्ये क्वचित बसतात. मोठं घर हवं असेल तर शहराबाहेर जावं लागतं आणि आजी-आजोबा बहुधा शहराच्या जुन्या भागात असतात. मग आधी काय निवडायचं, जागा की जवळीक? आणि हे सगळं बाळं येण्याआधी उरकणं शक्य आहे का?

हातात नेमका किती वेळ असतो?

नऊ महिने नक्कीच नसतात.

जुळी आहेत हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत कळतं. दोन्ही बाळांची वार एक आहे की वेगवेगळी, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसतं. पुढचं वेळापत्रक बरंचसं यावर ठरतं. वार वेगळ्या असतील आणि सगळं ठीक असेल, तर डॉक्टर साधारण ३७ व्या आठवड्याच्या आसपास प्रसूतीचा विचार करतात. वार एकच असेल तर साधारण ३६ व्या आठवड्यात. शिवाय निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्माला येतात.

म्हणजे बाराव्या आठवड्यापासून मोजलं तर हातात उरतात जेमतेम २४ आठवडे. त्यातही तपासण्या जास्त. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून साधारण दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी असते. तिसाव्या आठवड्यानंतर दोन बाळांचं ओझं घेऊन फ्लॅट बघत फिरणं किंवा खोकी भरणं अनेकींना झेपत नाही. काहींना डॉक्टर विश्रांतीही सांगतात.

म्हणून सामान हलवण्याची शेवटची तारीख प्रसूतीच्या तारखेवरून ठरवू नये. २८ व्या आठवड्यापर्यंत चावी हातात आणि ३० व्या आठवड्यापर्यंत घर लागलेलं, हे गणित धरलं तर थोडी सवड राहते.

एक नाजूक गोष्टही लक्षात घ्यावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत दिसलेल्या दोन गर्भांपैकी एकाची वाढ थांबण्याची शक्यता असते. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीच्या दुसऱ्याच दिवशी टोकन देऊ नये. जो फ्लॅट एका बाळासाठीही घ्यावासा वाटेल आणि परवडेल, तोच जुळ्यांसाठीही घ्यावा.

जुळ्यांना खरंच जास्त जागा लागते का?

लागते, पण पहिल्या दिवसापासून नाही.

नवजात बाळाला स्वतंत्र खोलीची गरज नसते. उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की किमान पहिले सहा महिने बाळ पालकांच्याच खोलीत, पण स्वतंत्र आणि सपाट बिछान्यावर झोपावं. जुळी असतील तर दोघांचे बिछाने वेगळे. म्हणजे सुरुवातीला लागते ती एका बेडरूममध्ये दोन छोट्या पाळण्यांची जागा.

मग दुसरी खोली कशाला? मोठ्यांच्या झोपेसाठी.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. जुळी असतील तर हा आकडा १६ ते २४ होतो. दोघांना एकाच वेळी पाजणं जमलं तर तो कमी होतो, पण ते जमायला वेळ आणि मदत दोन्ही लागतात. प्रत्येक वेळी ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा झोपवणं आलंच. अशा घरात कोणीतरी एक जण दार लावून सलग चार तास झोपू शकला, तर घर चालतं. ती झोपेची खोली म्हणजे टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम. आळीपाळीने तिथे आई, बाबा किंवा मदतीला आलेली आजी झोपते.

मुलांना धावायला, खेळायला, सायकल ठेवायला जागा लागते ती दीड-दोन वर्षांनंतर. तिसऱ्या बेडरूमची गरज त्याहून पुढची. म्हणजे थ्री बीएचकेसाठी आज घाईने कर्ज वाढवण्याचं कारण जुळी हे नसतं.

मग पहिल्या वर्षी खरी टंचाई कशाची?

हातांची.

जुळी बाळं बऱ्याचदा कमी वजनाची असतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना 'कांगारू मदर केअर'ची शिफारस करते. यात बाळाला छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवतात. तेही दिवसाला ८ ते २४ तास. बाळं दोन असतील तर दोघांना इतका वेळ देणं एकट्या आईला कठीण जातं. बाबा, आजी, मावशी, कोणीही निरोगी मोठी व्यक्ती हे करू शकते, पण ती व्यक्ती घरात किंवा घराजवळ हवी.

जुळ्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाणही जास्त असतं. त्यानंतर काही आठवडे आईने वजन उचलायचं नसतं. अपुरी झोप आणि सततची धावपळ यांमुळे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा धोकाही जुळ्यांच्या आईला जास्त असतो. अशा वेळी संध्याकाळी डबा घेऊन येणारं आणि "तू झोप, मी बघते" म्हणणारं माणूस दहा मिनिटांवर असणं ही चैन राहत नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत याच गरजेतून टिकली. शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू यांच्याबरोबरच बाळंतिणीला विश्रांती आणि बाळाला चार जणांचे हात मिळायचे. फरक इतकाच, की माहेरचा मुक्काम सव्वा महिन्याचा किंवा तीन-चार महिन्यांचा असतो आणि जुळ्यांची धावपळ किमान दोन वर्षांची.

नोकरदार आईच्या रजेचं गणितही इथेच जोडून पाहावं. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवडे आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. जुळी झाली म्हणून रजा दुप्पट होत नाही. गरोदरपणातलं आजारपण किंवा वेळेआधी प्रसूती झाल्यास वैद्यकीय पुराव्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. ३२ व्या आठवड्यात रजा सुरू झाली आणि ३६ व्या आठवड्यात बाळं आली, तर प्रसूतीनंतर उरतात २२ आठवडे, म्हणजे जेमतेम पाच महिने. वडिलांसाठी केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रात ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

पाच महिन्यांनंतर दोन बाळांना कोण सांभाळणार, या प्रश्नाचं उत्तर फ्लॅटच्या क्षेत्रफळात सापडत नाही. ते पत्त्यात सापडतं.

'जवळ' म्हणजे किती जवळ? आणि कोणाच्या?

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावं. वाकड ते धायरी नकाशावर वीसेक किलोमीटर आहे, पण संध्याकाळी सहा वाजता बाणेर, चांदणी चौक, वारजे पार करून जायला किती वेळ लागतो हे पुणेकरांना सांगायला नको. मुंबईत लोकलने चाळीस मिनिटं म्हणजे जवळ असं वाटतं, पण गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी गर्दीच्या वेळची लोकल म्हणजे रोजची शिक्षा.

एक सोपी कसोटी आहे. रात्री अकराला फोन केला तर आजी-आजोबा रिक्षाने किंवा चालत पंधरा मिनिटांत येऊ शकतील का? उत्तर 'हो' असेल तर ते घर जवळ. 'नाही' असेल तर ते त्याच शहरात असलं तरी रोजच्या मदतीसाठी लांबच.

त्याच इमारतीत किंवा शेजारच्या दारात घर घ्यावं का? काही कुटुंबांना ते उत्तम जमतं. काहींना दोन घरांच्या मध्ये एक रस्ता असलेला बरा. आपलं कुटुंब कोणत्या प्रकारचं आहे, हे तुम्हाला माहीत असतं.

खरा अवघड प्रश्न असतो तो माहेर की सासर हा. घर अनेकदा सवयीने मुलाच्या आई-वडिलांजवळ शोधलं जातं, पण बाळंतपणात आधार बहुधा मुलीच्या आईचा लागतो. हा प्रश्न मानापमानाचा करण्याऐवजी तीन व्यावहारिक गोष्टी तपासता येतात. कोणाची तब्येत साथ देते? कोण निवृत्त आहे आणि कोण अजून नोकरीत? आणि कोणाला मनापासून हे करायचं आहे?

दोन्हीकडचे आई-वडील दुसऱ्या गावात असतील, म्हणजे माहेर नाशिकला, सासर कोल्हापूरला आणि नोकरी पुण्यात, तर 'जवळ' म्हणजे बहीण, आत्या किंवा विश्वासातली मैत्रीणही असू शकते. तेही शक्य नसेल तर आजी मुक्कामाला राहू शकेल अशी जादा खोली महत्त्वाची ठरते. अशा कुटुंबासाठी आधी जागा हे उत्तर बरोबर आहे.

आजी-आजोबांना विचारलंय का?

अनेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. "नातवंडं म्हटल्यावर ते करणारच" असं धरलं जातं.

आजच्या अनेक आज्या स्वतः नोकरीत आहेत. महाराष्ट्रात बहुतेक राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे, म्हणजे पन्नाशीतली आजी सकाळी डबा घेऊन ऑफिसला जात असते. साठीतल्या आजीला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असू शकते. एका बाळाला मांडीवर घेणं वेगळं आणि दिवसभर दोघांना उचलत राहणं वेगळं.

म्हणून टोकन देण्याआधी एकदा सगळ्यांनी बसून स्पष्ट बोलावं.

- आठवड्यात किती दिवस आणि किती तास मदत अपेक्षित आहे?
- रात्रीची जबाबदारी कोणाची?
- सांभाळायला मावशी ठेवायची का आणि तिचा पगार कोण देणार?
- दूध, औषध, झोप यांबाबत डॉक्टर आणि आजी यांचं मत वेगळं पडलं तर काय?
- आजी-आजोबांना गावी, लग्नाला, यात्रेला जायचं असेल तर पर्याय काय?

एखादी आजी म्हणेल, "मी रोज दुपारी येईन, पण रात्र माझ्याकडून होणार नाही." हे उत्तर नकार समजू नये. या एका वाक्यामुळे घरासाठी किती खर्च करायचा आणि मदतनीस मावशींसाठी किती ठेवायचा, हे ठरवता येतं.

पैशांचा हिशेब: ९० लाखांच्या फ्लॅटला हातात किती लागतात?

फ्लॅटची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. उदाहरणासाठी पुणे महापालिका हद्दीतला ९० लाखांचा तयार टू बीएचके घेऊ.

- कर्ज: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. इथे जास्तीत जास्त ७२ लाख. उरलेले १८ लाख स्वतःचे.
- मुद्रांक शुल्क: पुण्यात अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. मुंबईत हाच दर ६ टक्के आहे. करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर शुल्क लागतं.
- नोंदणी फी: ३० लाखांवरच्या घरांसाठी ३० हजार.

बेरीज होते २४ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जाच्या हिशेबात धरली जात नाही, ती खिशातूनच जाते. यात दलाली, वकील, रंगकाम, पंखे, ग्रिल आणि सामान हलवण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.

घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. या उदाहरणात ९० हजार वाचतात. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ही सवलत नाही. मात्र पती मालक नसेल तर कर्जाच्या व्याजावरची करवजावट त्याला घेता येत नाही, हेही पाहावं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. हा जादा खर्च नाही, पण विसरलात तर दंड आणि व्याज तुमच्या माथी येतं.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर ७२ लाखांचा ईएमआय साधारण ६२ हजार ५०० येतो. तो दोन पगारांत बसतो का, हे बँक बघते. तुम्ही बघायचं ते वेगळं: एका पगारात बारा महिने बसतो का? जुळ्यांनंतर आईला रजा वाढवावी लागू शकते. कमी दिवसांची बाळं एनआयसीयूमध्ये राहिली तर तो खर्च वेगळा आणि तो एकदम येतो. नवजात बाळांवरचे उपचार तुमच्या आरोग्य विम्यात पहिल्या दिवसापासून धरलेत का, हे आजच तपासा.

प्रसूती आणि एनआयसीयूसाठी बाजूला ठेवलेले पैसे डाउन पेमेंटमध्ये घालणं ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. तसंच आजी-आजोबांची एफडी मोडण्याचं. आई-वडिलांनी मुलांना दिलेल्या पैशांवर भेट म्हणून कर लागत नाही, पण ती भेट आहे की परत करायची रक्कम, हे लिहून ठेवावं. भावंडं असतील तर नक्कीच. म्हातारपणी त्यांना स्वतःच्या औषधांसाठी हात पसरावा लागेल, इतकं त्यांच्याकडून घेऊ नये.

बांधकाम सुरू असलेलं, तयार की रिसेल?

२४ आठवड्यांच्या गणितात बांधकाम सुरू असलेला प्रकल्प सहसा बसत नाही. बिल्डरने 'चार महिन्यांत ताबा' सांगितला तरी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख बघा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्याला उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क आहे. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जुळी रांगायला लागलेली असतील. शिवाय परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात आणखी साडेचार लाख.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही, रिसेलवरही नाही. आजी-आजोबा जुन्या वस्तीत राहत असतील तर तिथे मिळणारं घर बहुधा रिसेलचंच असतं. तिथे हे कागद बघावेत:

- आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि इंडेक्स टू
- वकिलाकडून सर्च रिपोर्ट
- ओसी
- सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचं पत्र
- विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असेल तर त्याच्या बँकेचं पत्र
- इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यास सर्वसाधारण सभेचे ठराव

शेवटचा मुद्दा अनेक जण विसरतात. सोसायटी वर्षभरात पुनर्विकासाला गेली तर तान्ह्या जुळ्यांना घेऊन पुन्हा भाड्याच्या घरात जावं लागेल. सदस्यत्व हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीतली सोसायटी २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम मागू शकत नाही, हेही माहीत असावं.

टोकन देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन परत मिळेल.

जुना फ्लॅट विकून नवा घ्यायचा असेल तर?

इथे सर्वांत जास्त वेळ जातो. जुन्या घरावर कर्ज असेल तर ते फेडून मूळ कागद सोडवावे लागतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही.

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकी असलेल्या घराच्या विक्रीतला नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर दुसरं राहतं घर घेतलं, तर त्या नफ्यावर करसवलत मिळू शकते. म्हणजे कर वाचवण्यासाठी दोन्ही व्यवहार एकाच महिन्यात उरकण्याची गरज नाही. आधी बाळं, मग विक्री, असंही करता येतं.

तिसरा पर्याय: आता भाड्याने, नंतर विकत

आजी-आजोबांच्या जवळ टू बीएचके भाड्याने घ्यायचा आणि स्वतःचा वन बीएचके भाड्याने द्यायचा, हा पर्याय अनेकांना कमीपणाचा वाटतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. समजा नव्या घराचं भाडं २८ हजार आणि जुन्या घरातून येणारं भाडं १८ हजार. महिन्याला फरक १० हजार, वर्षाला १ लाख २० हजार. शिवाय डिपॉझिट, पण ते परत मिळतं. २४ लाख बँकेत राहतात आणि बाळांच्या आजारपणात हाताशी असतात.

या वर्षभरात एक गोष्ट तपासून होते, जी कोणत्याही साइट व्हिजिटमध्ये कळत नाही: जवळ राहणं दोन्ही घरांना मानवतं का?

महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिल्यास सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. घरमालकाला जुळ्यांबद्दल आधीच सांगा आणि शक्य असेल तर करार २२ किंवा ३३ महिन्यांचा करा. बाळं दहा महिन्यांची असताना पुन्हा घर शोधायची वेळ येऊ नये.

फ्लॅट बघायला जाताना टेप का न्यावी?

- लिफ्ट: दोन बाळांची शेजारी-शेजारी बसायची बाबागाडी एकेरी गाडीपेक्षा बरीच रुंद असते. लिफ्टचं आणि घराचं दार मोजा. वीज गेल्यावर लिफ्टला बॅकअप आहे का, विचारा.
- कार्पेट एरिया: किमतीची तुलना रेराच्या व्याख्येतल्या कार्पेट एरियावरच करा. त्यात बाल्कनी धरलेली नसते.
- पाणी: दोन बाळांचे कपडे रोज धुवावे लागतात. उन्हाळ्यात टँकर येतो का, हे वॉचमनला विचारा.
- वाळवण: लंगोट, दुपटी वाळायला ऊन येणारी बाल्कनी आहे का? ग्रिलच्या सळ्यांमधून मूल डोकं घालू शकणार नाही ना?
- दुसरं बाथरूम: आजी-आजोबांसाठी कमोड आणि पकडायला दांडी लावता येईल असं.
- रुग्णालय: नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय रात्री किती मिनिटांवर आहे?

जुन्या फ्लॅटमध्ये रंग खरवडायचा असेल तर गरोदर बाईने त्या काळात तिथे जाऊ नये. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. खरवडण्याचं काम आणि साफसफाई पूर्ण झाल्यावरच सामान हलवावं.

आणि नोंदणीच्या दिवशी डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असेल तर? नोंदणी कायद्यात आजारी किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ व्यक्तीला दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष येण्यापासून सूट आहे आणि अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूदही आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आधी अर्ज करावा लागतो. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिने मिळतात.

मग ठरवायचं कसं?

बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरुवात होत असेल, डाउन पेमेंट तयार असेल, एका पगारात वर्षभर हप्ता निघत असेल आणि आजी-आजोबांपासून पंधरा मिनिटांवर ओसी असलेला फ्लॅट मिळत असेल, तर घ्या. घर शोधायला सहा आठवडे, कर्ज आणि कागदपत्रांना चार ते सहा, रंगकाम आणि सामानाला तीन-चार आठवडे धरले तरी वेळेत होतं.

विसावा आठवडा उलटून गेला असेल, तर खरेदीची घाई सोडून जवळ भाड्याने घर शोधा.

मोठा फ्लॅट परवडतो पण तो आजी-आजोबांपासून दीड तासावर आहे, असं असेल तर सध्या थांबा. जवळचा लहान फ्लॅट दोन वर्षं अपुरा वाटेल, अडगळ होईल, पाळण्याला अडखळायला होईल. पण रात्री दोनला दोन्ही बाळं एकदम रडायला लागली आणि एकाला ताप असला, तर दार वाजवून कोणीतरी आत येईल. तीन वर्षांनी मुलं बालवाडीत जायला लागल्यावर मोठं घर घेता येतं. बाळं तान्ही असतानाची मदत मात्र त्याच वेळी मिळावी लागते.